वेळासची अंडी वाचली, आता किनारा वाचवायचा प्रश्न

मंडणगड : एकेकाळी वेळासच्या किनाऱ्यावर कासवाचं घरटं दिसलं, की अंडी उकरून नेली जायची. माणसांच्या हातून सुटलेली कुत्री-कोल्ही खायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक आले आणि घराघरात राहण्या-जेवणाची सोय झाली. अंडी विकण्यापेक्षा पिल्लू समुद्रात सोडताना दाखवण्यात जास्त कमाई आहे, हे गावाला पटलं. नुसत्या कायद्याच्या धाकाने हे झालं नसतं.

आज वन विभाग आणि स्थानिक कासवमित्र घरटी शोधतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत ठेवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पण अंडी सांभाळली म्हणजे काम संपलं, असं नाही. मादीला अंडी घालायला अंधारी, मोकळी आणि शांत वाळू लागते. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असतील तर ती अंडी न घालताच परत फिरू शकते. पिल्लंही उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. धूप थांबवायला दगडी बंधारा बांधला, की मादीची वर चढायची वाटच बंद होते. वाळू जास्त तापली तर पिल्लांमध्ये माद्याच जास्त निघतात.

ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कासवं अंडी घालतात ती जागा सीआरझेडच्या सर्वात कडक गटात मोडते. म्हणजे कागदावर किनाराही सुरक्षित आहे. पण अंगणातला दिवा कुठे लावायचा, वाळूत गाडी घालू द्यायची की नाही, हे गावातच ठरतं. पर्यटक वाढले की हॉटेलं आणि दिवेही वाढणार. ज्या कासवांमुळे पैसा येतो, तीच त्या पैशातून आलेल्या झगमगाटाने दूर जातील, हा खरा धोका आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. नोव्हेंबर ते मे समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवायचे किंवा झाकायचे. वाळूत गाडी नाही. बंधाऱ्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत आधी घरट्यांच्या जागा विचारायच्या. घरटं दिसलं तर हात न लावता कासवमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं.

हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला बहुधा जन्मलेल्या किनाऱ्याच्या परिसरातच परतते. तेव्हा तिला तिथे अंधार आणि वाळू मिळेल का, हे आता गावांच्याच हातात आहे.