शेजाऱ्याचा डीजे, आपला डीजे

अमरावतीत आमच्या अभ्यासगटात येणारी एक मुलगी नीटची तयारी करते. घर एका खोलीचं, छत पत्र्याचं, भिंत शेजाऱ्याशी सामाईक. मागच्या नवरात्रात गल्लीच्या तोंडाशी लावलेले बॉक्स रात्री उशिरापर्यंत वाजत होते. भांडीसुद्धा थरथरत होती. ती चार दिवस मावशीच्या घरी जाऊन राहिली. आम्ही तिघं त्या मंडळाच्या पोरांशी बोलायला गेलो. भांडायला नाही, विनंती करायला. त्यातल्या एकानं शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमच्या जयंतीले डीजे वाजते, तवा कोनाले तरास होत नाही का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. सणउत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ रात्री 12 पर्यंत वाढवता येते. पण सवलत फक्त वेळेची आहे, आवाजाची नाही. हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? सुप्रीम कोर्टानं 2005 मध्ये स्पष्ट केलं की शांततेत जगणं हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आपलं म्हणणं ऐकवण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण ते ऐकायची सक्ती कुणावर करता येत नाही.

मग तक्रार का होत नाही? कारण भीती. अमरावतीनं नोव्हेंबर 2021 पाहिला, अकोल्यानं मे 2023 पाहिला. संचारबंदी, बंद इंटरनेट, बुडालेली मजुरी. ज्या शहरांनी हे भोगलं, तिथं भोंग्याबद्दल तोंड उघडलं की आधी तुमचा धर्म विचारला जातो, मग जात. साधी झोपेची तक्रार बघता बघता दोन समाजांचं भांडण होते. म्हणून जानेवारी 2025 मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या कामाचा आहे. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, म्हणजे त्याच्यावर कुणाचा रोष येणार नाही, असंही सांगितलं. आधी समज, मग दंड, तरी ऐकलं नाही तर यंत्रणा जप्त, असा क्रमही घालून दिला. 112 वर फोन करताना हे लक्षात असू द्या.

पण कायदा दोन्हीकडून लागू होतो. तो नवरात्राला लागतो, अकोल्याच्या कावडयात्रेला लागतो, मशिदीच्या भोंग्याला लागतो आणि 14 एप्रिललाही लागतो.

इथं काही कार्यकर्ते चिडतील. "सगळ्यांचे डीजे चालतात, मग आमचीच जयंती डोळ्यात का खुपते?" हा प्रश्न खोटा नाही. ज्यांना गावात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, ज्यांच्या वराती अडवल्या गेल्या, त्यांच्यासाठी भर रस्त्यातून वाजतगाजत जाणं हीच एक चळवळ होती. बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती 1928 साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी काढली. तेव्हापासून मिरवणूक म्हणजे "आम्ही आहोत" असं सांगणं. ते सांगायलाच पाहिजे. बंदोबस्त आणि नियम फक्त आपल्याच मिरवणुकीला दाखवले जात असतील तर त्याचा जाब विचारायलाच पाहिजे.

पण डीजेची भिंत कुणाला ऐकू जाते? वरच्या कॉलनीतला माणूस काचा लावून एसी सुरू करतो. बॉक्स लागतात ते आपल्या वस्तीत, आपल्याच पत्र्याच्या घरांसमोर. छातीत धडधड होते ती आपल्याच आजोबांच्या. एप्रिल-मे म्हणजे नीटचा आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचा काळ, अभ्यास मोडतो तो आपल्याच पोरींचा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत पहाटे दोनला उठून अभ्यास करणारा भीमराव आपण भाषणात सांगतो. तोच भीमराव आज आपल्या गल्लीत असला, तर आपण त्याला झोपू देतो का, वाचू देतो का? जयंतीनिमित्त सलग 18 तास अभ्यासाचे उपक्रम अनेक ठिकाणी होतात. त्याच रस्त्यावर आपणच आवाजाची भिंत उभी करायची, हे जुळत नाही.

कुत्र्यांचंही असंच आहे. पहाटे कामाला निघणाऱ्या सफाई कामगार बाया, सायकलवर ट्युशनला जाणारी पोरं, यांच्या मागे कुत्री लागतात. एक बाजू म्हणते मारून टाका, दुसरी म्हणते हातच लावू नका. पंचशील घेणाऱ्यांना पहिली बाजू घेता येत नाही. पण मैत्री म्हणजे गल्लीत उरलेलं अन्न फेकून जबाबदारी झटकणं नाही. 2023 च्या नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही महापालिकेची, नगरपरिषदेची जबाबदारी आहे. सुप्रीम कोर्टानं 22 ऑगस्ट 2025 रोजी सांगितलं की नसबंदी-लसीकरण करून कुत्री त्याच भागात सोडा, पण रेबीज झालेली आणि हल्लेखोर कुत्री सोडू नका. खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्या, रस्त्यात खाऊ घालू नका. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. पाळलेलं कुत्रं मोकळं सोडून कुणाच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली मालकावर गुन्हा होतो. आणि चावलंच, तर हळद-चुना-मिरची लावू नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. लस तिथं मोफत मिळते. पूर्ण डोस घ्या, मधेच सोडू नका.

शेजारच्या भांडणात जातीवरून शिवी आली तर गोष्ट वेगळी होते. ती सहन करू नका, साक्षीदारांसह तक्रार द्या. मात्र साध्या पाण्याच्या, आवाजाच्या भांडणाला ॲट्रॉसिटीचं नाव देऊ नका. अपमान जातीवरून आणि लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. कच्ची केस टाकली की खऱ्या पीडितेची केस दुबळी होते.

आमची मागणी आधी आपल्याच मंडळांकडे आहे. या 14 एप्रिलला निळा झेंडा, लेझीम, ढोल-ताशा, भीमगीतं सगळं असू द्या, पण डीजेची भिंत नको. रात्री 10 ला आवाज बंद करू. दवाखाना आणि अभ्यासिकेसमोरून शांतपणे जाऊ. डीजेचे वाचलेले पैसे विहारातल्या अभ्यासिकेच्या टेबल-खुर्च्यांना लावू. बैठकीत ठराव लिहून त्याची प्रत पोलीस ठाण्यात देऊ. मोकाट कुत्र्यांसाठी पूर्ण वस्तीच्या सह्यांचा अर्ज महापालिकेत देऊन पोच घेऊ. एकट्यानं भांडलं की वैर होते, वस्तीनं लिहून दिलं की प्रशासनाला उत्तर द्यावं लागते.

पुढच्या नवरात्रात आम्ही त्या पोरांकडे पुन्हा जाणार आहोत. तोच प्रश्न पुन्हा आला, तर या वेळी आमच्याजवळ सांगायला काही असलं पाहिजे. ते उत्तर तोंडानं द्यायचं नाही, 14 एप्रिलला रात्री 10 वाजता द्यायचं आहे.

जय भीम!