पेशीची चाल, कर्करोगाची वाट

कर्करोगाची गाठ जेथे उद्भवते तेथेच थांबली असती, तर बहुतेक वेळा शल्यविशारदाची सुरी तिला पुरी पडली असती. रुग्णाचा घात होतो तो प्रामुख्याने गाठीतून निसटून यकृतात, फुप्फुसांत वा हाडांत ठाण मांडणाऱ्या पेशींमुळे. या पेशी चालतात कशा, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हे.

पेशीत ॲक्टिन या प्रथिनाचे सूक्ष्म तंतू असतात. ते पुढच्या टोकाला वाढतात आणि मागे सुटे होतात. त्या रेट्याने पेशी पुढे सरकते. या तंतूंचे नियमन त्यांना चिकटणारी अन्य प्रथिने करतात. आर्प २/३ त्यांना फांद्या फोडते, फॅसिन त्यांच्या जुड्या बांधते, कोफिलिन त्यांचे तुकडे करते. रक्तातील श्वेतपेशी याच बळावर जंतूंचा माग काढतात. विस्कॉट-ऑल्ड्रिच या आनुवंशिक विकारात आर्प २/३ला चालना देणारे एकच प्रथिन सदोष असते. तेवढ्याने मुलाची प्रतिकारशक्ती ढासळते.

परंतु कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! एल-प्लास्टिन हे एरवी श्वेतपेशींत आढळणारे प्रथिन अनेक अर्बुदांच्या पेशींतही सापडते; फॅसिनचे प्रमाणही पुष्कळदा वाढलेले असते. रक्षकाची चाल भक्षक उचलतो. ॲक्टिनच सरसकट रोखावे, तर हृदयाचे स्नायू आणि श्वेतपेशीही ठप्प होतील. म्हणून शोध चालला आहे तो नेमक्या साहाय्यक प्रथिनाला आवर घालण्याचा.

ॲक्टिनचा शोध हंगेरीतील सेगेद येथे ब्रुनो श्ट्राउब यांनी लावला. त्यांचा शोधनिबंध १९४२ साली, ऐन महायुद्धात प्रसिद्ध झाला. ती प्रयोगशाळा होती १९३७ चे नोबेल विजेते आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांची. नाझीविरोधी प्रतिकारात उतरल्यामुळे त्यांना पुढे गेस्टापोपासून लपून राहावे लागले. त्या वेळी त्यांच्यापुढे प्रश्न होता स्नायू आकुंचन कसा पावतो एवढाच. कर्करोगाशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारून अनुदान अडवले असते तर? मूलभूत संशोधनाकडे 'तात्काळ उपयोग काय' अशा नजरेने पाहणाऱ्या आमच्या राज्यकर्त्यांनी याचे उत्तर स्वतःशीच द्यावे.

नागरिकांसाठीही यात बोध आहे. गोमंतकातून मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणारे कितीतरी रुग्ण आम्ही पाहतो. तोंडातील न भरणारा व्रण वा स्तनातील गाठ 'पाहू पुढे' म्हणून अंगावर काढली जाते. आपण थांबतो, पेशी थांबत नाहीत. संशोधनाला सबुरी हवी, निदानाला मात्र त्वरा. आमच्याकडे नेमके उलटे घडते, हीच खंत आहे.