मेलेल्या माणसाला पंथ विचारू नका

जानेवारीची १८ ते २५ तारीख म्हणजे ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. जगभर पाळतात, आपल्याकडेही पाळतात. एका स्टेजवर फादर, पाळक, पास्टर बसतात. एकमेकांना शाली घालतात. प्रभू येशूनं पकडले जाण्याआधीच्या रात्री आपले सगळे शिष्य एक राहावेत म्हणून प्रार्थना केली, त्यावर एक भाषण होतं. २६ तारखेला झेंडावंदन होतं आणि २७ पासून परत सुरू : "त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांचा बाप्तिस्मा खरा नाही."

मी जिवतीतून बातम्या देतो. घरानं ख्रिस्ती आहे, सीएनआयच्या मंडळीत वाढलो. म्हणून हे कुणा बाहेरच्याचे टोमणे समजू नका, घरातल्या माणसानं मागितलेला हिशेब आहे.

ज्यांना जिवती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, माणिकगडच्या पहाडावर, तेलंगणाला खेटून आमचा तालुका. गोंड आणि कोलाम इथले जुने. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून बंजारा आणि दलित कुटुंबं आली. लोक पिढ्यान् पिढ्या जमीन कसतात, पण वनजमिनीच्या घोळात कित्येकांना पट्टा मिळालेला नाही. त्यात सीमेवरच्या महाराजगुडा, मुकदमगुडा, परमडोली अशा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा. एकाच घरात दोन मतदार कार्डं, दोन रेशन कार्डं. मत मागायला दोन्हीकडचे पुढारी येतात. पट्ट्याचं नाव काढलं की दोघंही घाट उतरतात.

आमच्या चर्चांचं नेमकं असंच चाललंय. माणसावर दावा सांगायला तीन-तीन मंडळ्या. रजिस्टरात नाव पाहिजे, महिन्याची वर्गणी पाहिजे, नाताळाला डोकी मोजून पाहिजेत. आणि माणूस मेला की?

मागे पहाडावरच्या एका वस्तीत एक मजूर वारला. मंडळीचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की बाकीचे सुटतात आणि एकट्या त्या मंडळीवर भांडण निघतं. हा माणूस जन्मानं एका चर्चचा. पोरगी आजारी होती तेव्हा शेजारच्या प्रार्थनाघरातले लोक रात्री येऊन बसले, म्हणून तो तिकडे जायला लागला. मेल्यावर जुन्या मंडळीनं सांगितलं, याचं नाव कधीच कमी केलंय, आमच्या दफनभूमीत फक्त सभासद. नवीन मंडळीकडे स्वतःची जागाच नव्हती. गावच्या स्मशानाची वाट धर्म बदलला तेव्हाच बंद झालेली. दुपार टळेपर्यंत प्रेत घरात. शेवटी एका गोंड शेतकऱ्यानं आपल्या शेताच्या धुऱ्याजवळ जागा दिली. ज्याच्या शेताला पट्टा नाही त्यानं जागा दिली. ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांनी नियम दाखवला.

मला या नियमाचा राग आहे. आणि हा नियम देवाच्या नावानं सांगितला जातो याचा जास्त राग आहे.

कारण हे पंथ आपल्याकडे कसे आले ते जरा बघा. आपल्या आजोबा-पणजोबांनी सगळी तत्त्वं ताडून पाहिली आणि मग एक चर्च निवडलं, असं झालं का? मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते. एकाच्या हद्दीत दुसऱ्यानं काम करायचं नाही, असा समझोता. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन, म्हणून तिकडचे काँग्रिगेशनल. बुलढाणा-वाशीमला नाझरीन. खानदेशात आणि अकोल्याकडे अलायन्स. कुणाची बैलगाडी आधी पोचली यावर तुमचा पंथ ठरला.

आपल्या भागाची गंमत तर अजून मोठी आहे. स्कॉटलंडमध्ये पाळक कोणी नेमायचा, गावच्या जमीनदारानं की मंडळीनं, यावरून १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि फ्री चर्च निघालं. त्याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढे चांद्याला मिशन आलं तेही स्कॉटलंडचंच, पण एपिस्कोपल, म्हणजे बिशप मानणारं. चर्चमध्ये बिशप असावा की नसावा यावर स्कॉटलंडमध्ये सतराव्या शतकात मारामाऱ्या झाल्या होत्या. म्हणजे नागपूरचा ख्रिस्ती प्रेस्बिटेरियन आणि चांद्याचा अँग्लिकन, यातला फरक स्कॉटलंडच्या भांडणाचा. वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आपल्या माणसांचा त्यात संबंध काय होता?

हे मी पहिल्यांदा म्हणत नाहीये. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या सिस्टरशी त्यांचा पत्रांतून वाद झाला तो याच मुद्द्यावर : माझ्या श्रद्धेचं तुम्ही सांगाल तेवढंच खरं का? इतके पंथ बघून त्या चक्रावल्या होत्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ते कुठल्या एका पंथाच्या दावणीला न बांधता. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही जागा होती. आज प्रत्येक प्रॉटेस्टंट मंडळीत टिळकांची भजनं म्हणतात. भजन सगळ्यांचं आहे, पण ते म्हणणारा मेला की कुणाचा, हे रजिस्टर बघून ठरतं.

आता कुणी म्हणेल, ऐक्य झालं की १९७० मध्ये. हो, झालं. आणि ते आपल्या नागपुरात झालं याचा मला अभिमान आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सीएनआय, स्थापन झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, डिसायपल्स. चाळीसेक वर्षं बोलणी चालली होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या महिन्यांत बाहेर पडले. तरी काम मोठं होतं, ज्यांनी केलं त्यांना सलाम.

पण पुढे काय झालं तेही सांगायला पाहिजे. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद कोर्टात गेला. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात, २०१३ मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टात. कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलं की ऐक्याचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप सीएनआयकडे जात नाही. ऐक्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि भांडण सुरू होतं इमारतींवर. प्रभुभोजन कसं घ्यायचं हा प्रश्न कोर्टात नव्हता. सार्वजनिक ट्रस्टचा १९५० चा कायदा होता.

हेच आपलं दुखणं आहे. १९७० चं ऐक्य वरून आलं. सिनड एक झाली, लेटरहेड एक झालं, बिशप एक झाले. खाली वस्तीवर दोन ख्रिस्ती शेजाऱ्यांनी काय करायचं, हे कुणी ठरवलंच नाही. देशभरच्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची राष्ट्रीय परिषद, एनसीसीआय, तिचं मुख्यालयही नागपुरातच. म्हणजे ऐक्याचं ऑफिस आपल्या विदर्भात आहे. फक्त ते ऐक्य घाट चढून जिवतीला आलेलं नाही.

आणि ज्यांना वाटतं हा जुन्या चर्चांचा रोग आहे, त्यांनाही दोन शब्द. "आम्ही कोणत्याच पंथाचे नाही, आम्ही फक्त येशूचे" असं सांगत जी नवीन प्रार्थनाघरं निघाली, त्यातला प्रत्येक जण आपला वेगळा बोर्ड, वेगळा ट्रस्ट, वेगळं क्यूआर कोड घेऊन बसलाय. करिंथच्या मंडळीत पौलाचा गट, अपुल्लोसाचा गट, केफाचा गट पडले होते. आणि 'आम्ही ख्रिस्ताचे' म्हणणारे होते ते पण त्याच यादीत होते. पौल सगळ्यांवरच चिडला होता. रिपब्लिकन पक्षाचे गट मोजून हसणाऱ्या ख्रिस्ती मित्रांनो, जरा आपले गट मोजा.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळत नाही. श्रद्धेतले फरक खोटे नाहीत. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी पाण्यात बुडवून, पोप मानायचे की नाही, प्रभुभोजनात भाकर काय होते, यावर लोकांनी जीव दिलेत. माझं म्हणणं हे सोडून द्या असं नाही. एक करायचं म्हणजे सगळ्यांनी माझ्या चर्चमध्ये या, असं म्हणणारा तर ऐक्याचा पहिला वैरी.

उदाहरण लांब नाही. नागपूरचे कॅथलिक लॅटिन रीतीचे. बल्लारपूरचा चांदा धर्मप्रांत १९६२ पासून सिरो-मलबार रीतीचा, केरळच्या परंपरेचा. १९९९ मध्ये त्यातूनच आदिलाबाद वेगळा झाला. मिस्साची रीत वेगळी, बिशप वेगळे, तरी नागपूरच्या माणसाला बल्लारपूरला कुणी परका म्हणत नाही. रीत वेगळी ठेवून माणूस एक ठेवता येतो, हे आपल्याच जिल्ह्यात चालू आहे. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, इतर चर्चांत रीतसर झालेला बाप्तिस्मा मानल्याचं लिहून दिलं. ज्या मुद्द्यावर ल्यूथरच्या काळात युरोप फुटला, त्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी १९९९ मध्ये ऑग्सबर्गला एका कागदावर सह्या केल्या. ज्यांनी मूळ भांडण केलं ते सह्या करून मोकळे झाले. आपण त्यांचं भांडण अजून धुऱ्यावर घेऊन बसलोय.

बाहेरचं जग तर आपल्याला कधीच पंथ विचारत नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाकारला. त्यात कॅथलिक, सीएनआय, पेंटेकॉस्टल असा रकाना नाही. धर्म बदललेल्या आदिवासीला यादीतून काढा, अशी डिलिस्टिंगची मागणी करणारेही मंडळीचं रजिस्टर तपासणार नाहीत. प्रार्थनेवर दगड येतो तो सगळ्यांना सारखाच लागतो. दिल्लीत, मुंबईत निवेदन द्यायला आपले बिशप एकत्र बसतात, ते चांगलंच आहे. पण वस्तीवर एकमेकांचा मुडदा न स्वीकारणाऱ्यांनी सरकारकडे कोणत्या तोंडानं न्याय मागायचा?

म्हणून मोठं ऐक्य राहू द्या. तालुक्यापुरत्या तीन गोष्टी मागतो.

एक, दफनभूमी. सगळ्या मंडळ्यांनी मिळून तहसीलदारांकडे एकच अर्ज करा. कागदावर 'ख्रिस्ती दफनभूमी' एवढंच लिहा, खाली कुठल्या चर्चचं नाव नको. तीन अर्ज गेले की साहेबांना बरं असतं. "आधी तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून फाईल बाजूला ठेवता येते. आणि तोवर ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी सभासदत्वाची अट काढा. मेलेला माणूस तुमच्या निवडणुकीत मत द्यायला येणार नाही.

दोन, लग्न. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न लावायचा अधिकार कुणाला ते ठरवून दिलंय. ज्या पास्टरकडे तो अधिकार किंवा परवाना नाही, त्यानं लावलेलं लग्न कागदावर उभं राहत नाही. त्याचा त्रास पास्टरला होत नाही, नवरा गेल्यावर बाईला होतो. विधवा म्हणून पेन्शन मागायला गेली की पहिला प्रश्न दाखल्याचा. ज्या पाळकांना, फादरना अधिकार आहे, त्यांनी दुसऱ्या मंडळीच्या पोरापोरींचं लग्न कायद्यानं लावून नोंद करून द्यावी. प्रार्थना त्यांचा पास्टर करेल, सही तुमची असू द्या.

तीन, पळवापळवी. ज्यांना लहानपणचा बाप्तिस्मा मान्य नाही त्यांनी तो मानू नये, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग. पण "तुम्ही इतके दिवस ख्रिस्ती नव्हताच" असं कुणाला म्हणू नका. कुणी दुसरीकडे गेला तर त्याला चांगल्या शब्दांची चिठ्ठी द्या. रजिस्टरातून नाव कापून सूड घेऊ नका.

यात कुणाचं तत्त्व जात नाही, कुणाची इमारत जात नाही, कुणाची खुर्ची जात नाही. तरी होणार नसेल तर मग अडचण श्रद्धेची नव्हती, हे लोकांना कळेल. मी लिहीत राहीन.

जिवती, राजुरा, कोरपना, गडचांदूर भागातल्या सगळ्या पाळकांना, फादरना, पास्टरना, सिस्टरना आणि मंडळीच्या पंचांना ही पोस्ट पाठवा. मला शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या. दफनभूमीच्या अर्जावर पहिली सही कोण करणार, तेवढं त्याबरोबर लिहा.