सुनेच्या पोटात काय जातंय, विचारा!

मंडळी, "पाळणा हलणार, गॅरंटी!" म्हणत चूर्णं आणि गोळ्या विकणारे मेसेज आपल्या ग्रुपांवर बिनधास्त फिरतायत. मी पत्रकार, डॉक्टर नाही. पण कायदा वाचता येतो. 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात स्त्रीचं वंध्यत्व बरं करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. तोंडी प्रचारसुद्धा त्यात येतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. मग अन्न व औषध प्रशासन कशाची वाट बघतंय?

"झाडपाल्याचं आहे हो, अपाय कसला?" असं म्हणणाऱ्यांसाठी: 2011-12 मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांना शिशाची विषबाधा झालेली आढळली. सहाही जणी भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. शिसं वारेतून थेट बाळापर्यंत पोचतं.

माझं भांडण आयुर्वेदाशी नाही, तपासल्याशिवाय विकणाऱ्यांशी आहे. आमच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून रोप आणताना आपण जात विचारतो, वय विचारतो. सुनेला द्यायच्या पुडीत काय आहे, ते विचारताना मात्र तोंड शिवलेलं!

आणि पुड्या तिलाच का? दोष पुरुषातही असतो. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासून घ्या. तिची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच जा. पुड्यांत गेलेले पैसे परत मिळवता येतील, वय नाही.

असा मेसेज आला की पुढे ढकलू नका. स्क्रीनशॉट काढा, लेखी तक्रार करा.