परतीच्या पेट्रोलचं काय?

घरपोच जेवण पोचवणाऱ्या अॅप कंपनीच्या संचालकांस,



मी पेणचा. तुमचा टी-शर्ट घालून, तुमची बॅग पाठीला लावून गेली काही वर्षं पेणमध्ये जेवण पोचवतो. माझा मावसभाऊ रोह्यात हेच काम करतो. गाऱ्हाणं घेऊन जावं असं तुमचं ऑफिस ना पेणला आहे, ना रोह्याला. अॅपच्या चॅटवर काहीही लिहिलं तरी एकच ठरलेलं उत्तर येतं. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय. हे काम मी मन लावून केलंय, त्यामुळे रागापेक्षा वाईट वाटणंच जास्त आहे.

आमच्या आळीतली पोरं बारावी झाली की विचारतात, "दादा, परवडतं का रे हे?" तुमच्या जाहिरातीत याचं उत्तर तयार असतं. तुमच्याच धंद्यातले, झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये आकडे जाहीर केले होते. २०२५ मध्ये डिलिव्हरीवाल्यांना टिप सोडून तासाला सरासरी १०२ रुपये मिळाले. दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस काम केलं, तर पेट्रोल आणि देखभालीचे वीस टक्के वजा जाता हाती सुमारे २१ हजार राहतात, असा तो हिशोब. ती सरासरी देशाची आहे. मुंबई-पुण्यात एका सोसायटीत पार्सल दिलं की शेजारच्या रस्त्यावरून दुसरी ऑर्डर वाजते. तालुक्याच्या गावात तसं होत नाही.

हमरापूरचंच बघा. गणपतीआधीचे दोन महिने तिथल्या आणि जोह्याच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रात्र-रात्र रंगकाम चालतं. पोरं बिर्याणी मागवतात ती पेणच्या हॉटेलातून. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर होतात. माझी गाडी लिटरला पन्नास देते आणि पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे तीस रुपये टाकीतून गेले. तुम्ही देता पन्नास-साठ, कारण तुमचं मीटर ग्राहकाच्या दारात थांबतं. हमरापूरहून पेणला यायला तिकडची ऑर्डर नसते. हॉटेलात थांबलो, पोचवलं, रिकामा परत आलो, यात तास गेला. हातात उरले वीस-तीस. त्यातून ऑइल, टायर, ब्रेकशू आणि गाडीचा हप्ता. आमच्याकडचा मिनीडोर रिक्षावालासुद्धा परतीचं सीट भरल्याशिवाय नाका सोडत नाही. त्याला ते शक्य आहे, तुमची बॅग लावलेल्या माणसाला नाही.

रोह्याची तऱ्हा वेगळी. तिथे बऱ्याच ऑर्डरी धाटावच्या एमआयडीसीत जातात. केमिकलच्या कंपन्यांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. कामगार शिफ्टला जाताना ऑर्डर टाकतो आणि फोन लॉकरमध्ये ठेवून प्लांटमध्ये जातो. भाऊ गेटवर उभा. सिक्युरिटी आत सोडत नाही, फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. पाऊस असला की बॅगेवर प्लास्टिक घालून हा भिजत थांबतो. शेवटी वॉचमन आतल्या फोनवरून निरोप देतो, माणूस धावत येतो आणि तोच बिचारा ओशाळतो. अॅपवर मात्र भावाच्या नावापुढे उशीर लागलेला असतो. गेटवर गेलेल्या वेळाचा एक रुपया मिळत नाही. त्या उशिराने त्याचा इन्सेंटिव्ह मात्र हुकतो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते गेल्या पावसाळ्यात. पार्सल ओलं मिळाल्याची एक तक्रार आली आणि माझा आयडी बंद झाला. त्या दिवशी सकाळपासून धो धो कोसळत होता, रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. मी गाडी ढकलत नेऊन ते पार्सल पोचवलं होतं. फोटो पाठवले. "आपल्या संयमाबद्दल धन्यवाद" एवढंच आलं. आठवड्याने आयडी आपोआप सुरू झाला. का बंद केला, का सुरू केला, कुणी सांगितलं नाही. त्या आठवड्याचा हप्ता बायकोने बचत गटातून उचलून भरला. याउलट गणपतीच्या कारखान्यात मालक ओरडतो, पैसेही कधी लांबवतो. पण तो समोर असतो, त्याला जाब विचारता येतो आणि अडीअडचणीला उचल मिळते. धाटावला ठेकेदाराकडे लागलेल्याचा निदान पीएफ तरी कापला जातो.

कायद्याने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात आमच्यासारख्यांचा उल्लेख आहे आणि तुमच्यासारख्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम आमच्या सुरक्षेच्या निधीत भरायची आहे. ते हवंच होतं. पण दर किलोमीटरला किती द्यायचे, थांबण्याचे किती, हे अजून तुम्हीच ठरवता. त्याच साली २५ आणि ३१ डिसेंबरला देशभरातल्या डिलिव्हरीवाल्यांनी संप केला, तो याच दुखण्यावर. शिवाय आमच्या पांढऱ्या नंबरपाटीच्या खासगी गाडीची विमा पॉलिसी एकदा वाचा. मोबदला घेऊन माल वाहणं तिच्या अटींत बसत नाही. उद्या महामार्गावर काही झालं आणि विमा कंपनीने त्यावर बोट ठेवलं, तर भुर्दंड माझ्या घरावर.

मला मेहेरबानी नको. पेण आणि रोह्याचा दर पेण आणि रोह्याच्या अंतरांवर ठरवा. जिथून परत ऑर्डर मिळत नाही, तिथल्या परतीचं पेट्रोल द्या. गेटवर आणि हॉटेलात गेलेला वेळ मोजा. आयडी बंद करण्याआधी मराठीत बोलणाऱ्या माणसाने फोन करून आमची बाजू ऐकावी. आणि पेण-रोह्यात खर्च वजा जाता तासाला किती सुटतात, तो आकडा गावाच्या नावानिशी जाहीर करा.

परवडतं का, असं विचारणाऱ्या पोरांना मी आज सांगतो, कॉलेज करून संध्याकाळी, घरची गाडी असेल आणि गावातल्या गावात फिरायचं असेल तर खर्चापुरतं सुटतं. हप्त्यावर गाडी काढून यावरच संसार चालवायचा असेल, तर नाही. हे बोलताना मला आनंद होत नाही, कारण गावात राहून, आईवडिलांजवळ राहून करता येईल असं हे काम आहे आणि अशी कामं आमच्याकडे फार नाहीत. ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. माझं उत्तर बदलणं आता तुमच्या हातात आहे.

आपला,
पेणमध्ये तुमची बॅग वाहणारा एक जण