आंतरराष्ट्रीय वाहतूक मार्गिकांच्या नियोजनात रत्नागिरी जिल्ह्याचा समावेश होण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री,
बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी : मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

निवेदक : रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा बागायतदार, मच्छीमार, वाहतूकदार व नागरिक

विषय : भारत–मध्यपूर्व–युरोप आणि उत्तर–दक्षिण या मार्गिकांच्या आराखड्यांत दक्षिण कोकणाची बंदरे, रेल्वे व नाशवंत मालाची निर्यात यांना स्थान मिळणेबाबत.

भारत–मध्यपूर्व–युरोप आर्थिक मार्गिकेची घोषणा ९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीतील जी-२० परिषदेच्या वेळी झाली. आंतरराष्ट्रीय उत्तर–दक्षिण वाहतूक मार्गिकेचा करार भारत, इराण आणि रशिया यांनी त्याआधीच, २००० साली सेंट पीटर्सबर्ग येथे केला होता. दोन्ही मार्गिकांचे भारतातील टोक पश्चिम किनाऱ्यावर आहे. चर्चेत येणारी बंदरे मात्र मोजकीच : मुंद्रा, कांडला, न्हावा शेवा. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली, तेव्हा या दोन्ही मार्गिकांवरील व्यापाराला त्या बंदराचा उपयोग होईल असे सांगण्यात आले. न्हावा शेव्याच्या दक्षिणेस गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या किनाऱ्याचा उल्लेख या चर्चेत जवळजवळ होत नाही.

या किनाऱ्याला परदेशी व्यापार नवा नाही. पंधराव्या शतकात त्वेर येथील रशियन व्यापारी अफानासी निकितिन व्होल्गा नदी, कास्पियन समुद्र आणि इराण असा प्रवास करीत होर्मुझला आला व तेथून जहाजाने चौलला उतरला. परतीचे जहाज त्याने धरले ते आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून. आज उत्तर–दक्षिण मार्गिका म्हणून नकाशावर जी रेघ दाखवली जाते, तिचा बराचसा भाग निकितिनच्या याच वाटेवरून जातो. बहामनी राजवटीत दाभोळ हे दख्खनचे प्रमुख बंदर होते. वाशिष्ठीच्या खाडीतून माल चिपळूणपर्यंत येई आणि कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाई.

दूरस्थपणा हा या जिल्ह्याचा स्वभाव नव्हता. तो नंतर आला, आणि काही वेळा सोयीचाही ठरला. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाला ब्रिटिशांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि विनायक दामोदर सावरकरांना १९२४ ते १९३७ या काळात याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले. सहजी पोहोचता येणार नाही अशी जागा म्हणून सरकारदरबारी या जिल्ह्याची नोंद झाली होती. कोकण रेल्वे सलगपणे धावू लागली ती थेट २६ जानेवारी १९९८ रोजी.

नियोजनाची आजची रीत आहे त्या वाहतुकीवर उभी आहे. ज्या बंदरात माल अधिक, त्याला रेल्वे व रुंद रस्ता आधी मिळतो. मग तेथील माल आणखी वाढतो, आणि पुढच्या आराखड्यात तेच आकडे पुरावा म्हणून मांडले जातात. या हिशेबात रत्नागिरीची पाटी कोरी दिसते, कारण येथील निर्यात दुसऱ्याच्या नावावर जमा होते. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतून परदेशी जाणारी सुरिमी (माशाचा प्रक्रिया केलेला लगदा) व गोठवलेली मासळी न्हावा शेव्याच्या खात्यात पडते, आणि विमानाने जाणारा हापूस मुंबईच्या.

हापूसचा प्रवास पाहिला की या व्यवस्थेची किंमत कळते. दूरच्या बाजारासाठीचे फळ चौदा आणे तयार झाले की झेल्याने, म्हणजे लांब काठीच्या जाळीदार आकडीने, देठासकट उतरवतात. देठ तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि डागी फळ निर्यातीतून बाद होते. प्रतवारी होऊन पेट्या भरल्या की संध्याकाळी गाडी सुटते आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर कापून पहाटे वाशीला लागते. याच महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले होते आणि ते किती रेंगाळले हे कोकणात कुणालाही सांगावे लागत नाही. खड्ड्यांतले हादरे आणि वाटेतला खोळंबा पेटीतल्या फळाला सोसावा लागतो. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला प्रवेश दिला तो विकिरणाच्या अटीवर, आणि ती प्रक्रिया वाशीला होते. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने मे २०१४ पासून घातलेली बंदी पुढच्या वर्षी उठली, तरी तपासणी कडकच राहिली. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाने रस्ता जवळ येत नाही. पिकण्याच्या मोजक्या दिवसांतले वाटेत जितके जातील, तितकी परदेशातल्या दुकानातली मुदत घटते.

बंदराची गोष्ट वेगळी आहे. जयगडला खोल पाण्याचे आधुनिक बंदर २००९ पासून चालू आहे, आणि तेथे कोळशासारख्या सुट्या मालाची मोठी जहाजे लागतात. म्हणजे जहाज येते. अडचण धक्क्याच्या अलीकडे आहे. जयगड ते कोकण रेल्वेवरील डिंगणी असा सुमारे ३४ किलोमीटरचा मार्ग ठरला, त्यासाठी स्वतंत्र कंपनीही स्थापन झाली, रूळ मात्र पडले नाहीत. परिणामी अवजड माल निवळी–जयगड रस्त्यावरून गावांमधून जातो. कोकण रेल्वेची स्वतःचीही मर्यादा आहे : रोहा–वीर टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढे मार्ग मुख्यतः एकेरीच आहे, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी होतो. त्याहून मोठी उणीव नकाशावर उघड दिसते. पनवेलपासून मडगावपर्यंत एकही रेल्वेमार्ग सह्याद्री ओलांडून पूर्वेला जात नाही. कोल्हापूर–सांगलीची साखर किंवा द्राक्षे जयगडला आणायची तर घाटरस्ता हाच पर्याय उरतो. कोल्हापूर–वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला आणि चिपळूण–कऱ्हाड मार्गाचा करारही २०१६ मध्ये झाला. दोन्ही कागदावर राहिले.

मार्गिकेचे दुसरे टोक ज्या युरोपात आहे, तेथे या प्रश्नाकडे पाहण्याची पद्धत निराळी आहे. परिघावरील सागरी प्रदेशांनी १९७३ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एकत्र येऊन आपली परिषद स्थापन केली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आपल्या सीमापार वाहतूक जाळ्याचे नियम सुधारले, त्यात मुख्य, विस्तारित मुख्य आणि सर्वसमावेशक असे तीन स्तर असून त्यांच्या मुदती अनुक्रमे २०३०, २०४० आणि २०५० आहेत. सर्वसमावेशक स्तराने दूरचे, डोंगराळ आणि बेटांवरचे प्रदेशही जाळ्यात आणायचे आहेत. तेथेही सगळे सुरळीत आहे असे नाही. पण परिघाची दखल घेणे नियमाने बंधनकारक आहे, कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

सबब पुढील मागण्या सादर करण्यात येत आहेत. मार्गिकांची बंदरे व जोडमार्ग ठरवताना सध्याच्या मालाच्या टनांबरोबर उत्पादनस्थळापासूनचे अंतर, लागणारा वेळ आणि मालाचा नाशवंतपणा हेही निकष धरावेत, आणि निर्यातीची नोंद मूळ जिल्ह्यानुसार प्रसिद्ध करावी. जयगड–डिंगणी मार्गाचा फेरविचार व्हावा. कोल्हापूर–वैभववाडी आणि चिपळूण–कऱ्हाड यांपैकी कोणता मार्ग आधी, हे एकदाचे ठरवून त्याला निधी व मुदत द्यावी. दोन्ही आश्वासने अधांतरी ठेवण्यापेक्षा एक पूर्ण होणे जिल्ह्याला अधिक उपयोगाचे आहे. आंब्याची वनस्पती-आरोग्य तपासणी, मासळीची आरोग्य तपासणी, प्रक्रिया आणि सीमाशुल्काचे काम रत्नागिरीतच पुरे करून सीलबंद शीतकंटेनर सुटावा, अशी व्यवस्था हंगामापूर्वी करावी. कोकण रेल्वे १९९९ पासून मालट्रक गाडीवर चढवून नेत आहे. शीतकंटेनरसाठी त्याच धर्तीची सेवा सुरू करणे अवघड नाही. रत्नागिरी विमानतळाच्या प्रवासी टर्मिनलसोबत शीतगृहासह मालकक्षही उभारावा.

समावेश याचा अर्थ किनारा प्रकल्पांना मोकळा करून देणे असा नाही. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाला आणि नाणार व बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला झालेल्या विरोधाने दाखवले आहे की गावांना बाजूला ठेवून आखलेला प्रकल्प पुढे सरकत नाही. मिरकरवाडा, हर्णै किंवा साखरीनाटे येथील मच्छीमारांची मासेमारीची जागा, जाळी आणि धक्का हे मार्गिकेच्या नकाशावर आधी नोंदले जावेत आणि मगच जहाजांचे मार्ग व गाळ टाकण्याच्या जागा ठरवाव्यात.

या दोन्ही मार्गिकांच्या आराखड्यांवर पुढील निर्णय होण्यापूर्वी रत्नागिरी येथे जाहीर सुनावणी घ्यावी, तिची सूचना व कागदपत्रे मराठीत आणि किमान महिनाभर आधी ग्रामपंचायती व मच्छीमार सहकारी संस्थांना मिळावीत, आणि या निवेदनातील प्रत्येक मागणीवर मंत्रालयाने लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.