आधी तंबाखू, मग दात!

परवा चोर्ला घाट चढून बेळगावला गेलो. भिंतीवर पाटी दिसली : 'आयुष्यभराचे दात!'

मंडळी, १९६५ साली स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू रोवले. त्या स्क्रूला हाडाने घट्ट धरायला काही महिने लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो. पाटीवर हे का नाही?

पलीकडे निपाणी तर विडीच्या तंबाखूचीच पेठ! मिश्री लावून हिरड्या गेलेल्या विडी कामगार बाईला हजारोंचा एकेक दात परवडणार कसा? तिला आधी मिश्री सोडवायला मदत हवी, मग सरकारी दवाखान्यात धड बसणारी कवळी.

सीमाप्रश्नावर घसा फोडणारे आपण तिच्या तोंडाबद्दल मात्र मिठाची गुळणी धरून बसतो!